घाटमाथ्यावरून गेलेली ऑस्टिन

१

सव्वातीनच्या प्रवासी सर्व्हिस मोटरने आमझरी घाटाच्या शेवटच्या वळणावर लांबलचक भोंगा वाजवला आणि डाकबंगल्यात दुपारची झोप काढणारी मंडळी एकेक करून जागी झाली. वासुदेवराव उठून चष्मा शोधत होते, तोच बाहेरून सदाशिवरावांची आरोळी आली.

"माही गाडी कोनं नेली?"

वासुदेवराव अनवाणीच व्हरांड्यात आले. अंगणात कडुनिंबाखाली मोतीलालजींची शेव्हरोले होती, तिच्या शेजारी बंडूजींची जीप होती. पण फाटकाजवळच्या उतारावर, जिथे सदाशिवरावांनी बारा वाजता स्वतःच्या हाताने आपली हिरवी ऑस्टिन लावली होती, तिथे आता दोन साळुंक्या मातीत चोची मारत होत्या.

१९५७ सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. वर्ध्याची ही मोटरवेडी मंडळी दरवर्षी याच सुमारास तीन गाड्या घेऊन निघत. आंजी, आर्वी करत आमझरीचा घाट चढायचा, माथ्यावरच्या डाकबंगल्यात जेवून विसावायचं, पुढे आणखी दोन घाट आणि मग चिखलदरा. कोणाच्या गाडीने कोणत्या चढावर दम टाकला, कोणाचं पाणी उकळलं, यावर पुढे वर्षभर गप्पा रंगत. जिनिंगवाले सदाशिवराव देवतळे या मंडळींचे म्होरके. पत्नी देवकाबाईंना ते दरवर्षी सोबत आणत. वासुदेवरावांकडे गाडी नव्हती. बत्तीस वर्षं पोलिसात काढून ते निवृत्त झाले होते. चार वर्षांपूर्वी पत्नी अनुसयाबाई गेल्यापासून घर खायला उठे, म्हणून शाळासोबती सदाशिव जिथे नेईल तिथे ते जात.

"किल्ली?" वासुदेवरावांनी विचारलं.

सदाशिवरावांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून दाखवली. "हे पाह्य. अन् किल्ली असून काय फायदा? बॅटरी तर सकाळपासूनच मेली. हँडल मारल्याशिवाय गाडी चालूच होत नाई."

"हँडल कुठे आहे?"

सगळ्यांच्या नजरा जीपकडे वळल्या. जीपच्या सावलीत मेकॅनिक कवडू उभा होता. त्याने उशाखालची कॅनव्हासची थैली उचलली आणि लोखंडी हँडल बाहेर काढलं.

"माह्याजवळच हाय," तो म्हणाला. "डोक्याखाली घेऊन झोपलो होतो."

"म्हंजे गाडी चालू कराचं एकच साधन, अन् ते याच्या उशाखाली!" सदाशिवराव कडाडले. "सकाळी बॅटरीवरून बोललो त्याचा राग काढला यानं. कुठंतरी दरीत ढकलून आला असन."

सकाळी आर्वीच्या चौकात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सदाशिवरावांनी चारचौघांत कवडूच्या आईवरून शिवी दिली होती, आणि कवडू शांतपणे म्हणाला होता, "मालक, काम सांगा. आईवरून बोलू नका."

"मागच्या वर्सी दसऱ्याले नागपूरले बुद्धाची दीक्षा घेऊन आला, तवापासून मान ताठ झाली याची," सदाशिवराव म्हणाले.

"मान ताठ झाली ते खरं हाय," कवडू म्हणाला. "पन गाडी मी नाई नेली."

"ते ठान्यात सांगजो. साडेपाचच्या परतीच्या सर्व्हिसनं तुले आर्वीले नेतो. तिथले शिपाई बरोबर विचारतीन."

ठाण्यात कसं विचारतात हे वासुदेवरावांइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "सदाशिव, साडेपाचला अजून दोन तास आहेत. तेवढे मला दे."

तेवढ्यात बंगल्याच्या मागच्या पायवाटेने देवकाबाई आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कपाळावर ठसठशीत ओलं कुंकू. "मी देवीले गेलती," त्या कोणी न विचारताच म्हणाल्या. "काय झालं?"

कोणीतरी सांगितलं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं नाही. कवडूकडे पाहिलं आणि पटकन आत गेल्या. त्या उंबरठा ओलांडत असताना पदरातून चार-पाच तांदळाचे दाणे पायरीवर सांडले. ते फक्त वासुदेवरावांनी पाहिले.

२

मोतीलालजी वर्ध्याचे कापडवाले. ऑस्टिन विकत मागून मागून ते थकले होते, सदाशिवराव द्यायला तयार नव्हते. वासुदेवरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"देखो वासुदेवरावजी," मोतीलालजी घाम पुसत म्हणाले, "गाडी मले पाह्यजे होती, ते साऱ्या वर्ध्याले मालूम हाय. पन चोरलेली गाडी घेऊन मी करू काय? वर्ध्यात तशी हिरवी ऑस्टिन दुसरी हायच नाई. दुकानासमोर उभी केली का पहिला गिऱ्हाईकच पकडीन मले."

बोलणं बरोबर होतं. शिवाय ते व्हरांड्यात सदाशिवरावांच्या शेजारच्याच बाजेवर झोपले होते, आणि त्यांच्या अंगाखाली बाज इतकी करकरे की ते कुशीवर वळले तरी बंगला जागा व्हायचा.

बंडूजी जंगलाचे ठेकेदार. लष्कराच्या लिलावातली जीप, खाकी टोपी आणि थट्टेची खोड. मागच्या वर्षी त्यांनीच शेव्हरोलेची स्टेपनी लपवून मोतीलालजींना रडकुंडीला आणलं होतं.

"या वेळेस मी नाई ना बाप्पा!" बंडूजी म्हणाले. "थट्टा करनारा लपून पाह्यते. दुसऱ्याची फजिती पाह्याले तर करतो आपन. मी तर मस्त घोरत होतो."

"इंजिनाचा आवाज ऐकलात?"

"नाई. तेच तर. ऑस्टिन चालू झाली का कुत्रं खोकल्यावानी खोकलते. मेलेला मानूस उठून बसन."

शेवटी वासुदेवराव कवडूजवळ गेले. तो जीपच्या चाकाला टेकून बसला होता. पळून जायला सारं जंगल मोकळं होतं, पण तो जागचा हलला नव्हता.

"कवडू, गाडी कशी लावली होती ते नीट सांग."

"नाक फाटकाकडं, उतारावर. बॅटरी गेली म्हनून मालक म्हनले, निघताना ढकलून चालू करू. म्हनून गिअर काढून ठेवला होता. हँडब्रेक ओढला अन् म्होरच्या दोन चाकांले दोन गोटे लावले."

"गोटे तू लावलेस?"

"हो साहेब. चांगले डोक्याएवढे."

"आणि तुला आवाज नाही आला?"

कवडू पहिल्यांदाच किंचित हसला. "साहेब, ते इंजिन मी चार डाव उघडलं हाय. ते चालू झालं असतं तर मी मसनातूनबी उठून आलो असतो. ते चालू झालंच नाई."

वासुदेवराव फाटकापाशी गेले. चाकांच्या खुणा बाहेर पडून डावीकडे वळल्या होत्या, घाटाच्या उताराकडे. उजवीकडे पठारावरचा सपाट रस्ता होता, तिकडे इंजिनाशिवाय गाडी जाणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी ते दोन गोटे शोधले. कोणी घाईत पायाने उडवले असते तर गवतात पडले असते. ते गवतात नव्हते. फाटकाच्या खांबाला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाहीत असे, एकाला एक लावून ठेवले होते.

चोर असे वागत नाहीत, वासुदेवरावांच्या मनात आलं. ते काठी घेऊन घाट उतरू लागले.

३

फर्लांगभर खाली, शेवटच्या वळणालगत जंगलखात्याचा नाका होता. दिवसा दांडा वरच असे. झोपडीच्या दारात नाकेदार तानबा अंबाडीचा दोर वळत बसला होता. सकाळी गाड्या चढत होत्या तेव्हा तो जागचा उठलाही नव्हता. बसल्या जागेवरून ओरडला होता, "तीन मोटारी! मधलीचं सायलेन्सर फुटलं हो!" आणि ते खरंच होतं.

"तानबा, दुपारी कोणती मोटर खाली गेली?"

"एकबी नाई साहेब. देवाची आन. ही आताची सर्व्हिस तेवढी वर गेली. तिचा मागचा पाटा तुटून राह्यला, सांगजा डायवरले."

"दुसरं काही? पायी माणूस, बैलगाडी?"

"एक दमनी गेली खाली." दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. "मी जेवन करून बसलोच होतो. लय जोरात गेली बाप्पा. बैल बिथरले असतीन."

"कोणाची होती?"

"असन आमझरीतल्या कोनाची."

"बैल कोणत्या रंगाचे होते?"

दोर वळणारे हात थांबले. "पांढरे," तानबा म्हणाला, पण जरा उशिरा.

वासुदेवराव त्याच्या समोर उकिडवे बसले. काही न बोलता त्यांनी आपला हात तानबाच्या डोळ्यांपुढून हलकेच फिरवला. पापणी लवली नाही.

"किती दिवस झाले, तानबा?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "दोन वर्स. मोतीबिंदू म्हन्ते सेवाग्रामचा डाक्तर. साहेब, सांगू नका कोनाले. नाका हाय म्हनून चूल पेटते. आवाजावरून सारं वळखतो मी."

"नाही सांगत. आवाजावरूनच सांग. त्या दमणीच्या बैलांची घुंगरं वाजली?"

तानबाने दोर मांडीवर ठेवून कान टवकारले. जणू तो दुपार पुन्हा ऐकत होता.

"नाई वाजली," तो हळूच म्हणाला. "खूरबी नाई वाजले. नुसते चाकं वाजले, अन् मधात मधात करकर. अरे बाप्पा! मंग ते होतं तरी काय?"

"मोटर होती, तानबा. इंजिन बंद असलेली." वासुदेवराव उठले. "आणि सर्व्हिस वर आली, तेव्हा कुठे थांबली?"

"वळनावर थांबली. एकजन उतरलं. मंग देवीच्या पायवाटेनं गेलं."

"बाप्या की बाई?"

"बाई," तानबा म्हणाला. "बांगड्या वाजल्या."

४

वासुदेवराव त्याच पायवाटेने वर चढले. वाट बंगल्याच्या मागे निघत होती, मधे देवीचं ठाणं होतं. शेंदराचा दगड, समोर दिवाळीतल्या झेंडूची वाळून गेलेली माळ. ताजं फूल नाही, नारळाची शेंडी नाही, ओल्या कुंकवाचा टिपूसही नाही. आज तिथे कोणीच आलं नव्हतं.

मग देवकाबाईंच्या पदरात तांदूळ कुठले?

ते ठाण्याच्या कट्ट्यावर बसले. घाट इथून पायाखाली उलगडलेला दिसत होता, आणि तळाशी आमझरीची कौलं. सकाळी आमझरीच्या विहिरीवर गाड्या पाण्यासाठी थांबल्या होत्या. पाणी ओढणारी एक बाई देवकाबाईंजवळ येऊन कानात काही बोलली होती. त्यानंतर देवकाबाई मागच्या सीटवर वळून बसल्या, आणि पहिल्या वळणापासून माथ्यापर्यंत मागेच पाहत राहिल्या. दुपारी त्यांनी सगळ्यांना वाढलं, पण स्वतः पानाला हात लावला नाही.

आमझरी त्यांचं माहेर. घाट उतरताच पहिलं घर भाऊ भैयाजींचं. अठरा वर्षांपूर्वी भैयाजींच्या मुलीच्या लग्नात सदाशिवरावांना पहिल्या पंगतीत मान मिळाला नाही. ते भरल्या ताटावरून उठले, आणि या उंबऱ्याचं पाणी आपण पिणार नाही, बायकोही पिणार नाही, असं मांडवात बोलून आले. तेव्हापासून दर दिवाळीला ऑस्टिन त्या घरावरून जायची, भोंगा न वाजवता.

वासुदेवरावांना अनुसयाबाई आठवल्या. त्यांचं माहेर वडनेरला. वासुदेवराव दौऱ्यावर हिंगणघाटकडे निघाले की त्या दारात यायच्या. "मलाही न्या ना, आईला भेटून येईन." आणि ते म्हणायचे, "सरकारी काम आहे, पुढच्या खेपेला." किती खेपा झाल्या? त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या. अनुसयाबाईंनी मोजल्या असतील.

माहेरातून निघालेल्या लेकीची ओटी भरतात. तांदूळ, हळकुंड, खोबरं. कपाळाला ताजं कुंकू लावतात. देवीच्या ठाण्यावरून येताना कोणाची ओटी भरलेली नसते.

ते बंगल्याच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. देवकाबाई चुलीपुढे चहाचं आधण ठेवून बसल्या होत्या. पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं.

"वहिनी," वासुदेवराव दारातूनच म्हणाले, "साडेपाचच्या सर्व्हिसनं कवडूला ठाण्यात नेणार आहेत. मी त्या ठाण्यात काम केलंय. तिथं चोरीच्या आरोपातल्या गरीब माणसाचं काय करतात ते मी पाहिलंय, आणि पाहून गप्पही बसलोय."

देवकाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं.

"मला सगळं कळलंय. मी बाहेर जाऊन सांगू शकतो. पण ते मी सांगावं असं मला वाटत नाही."

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "मी म्होरचं काई ठरवलंच नव्हतं. फक्त खाली जाचं ठरवलं होतं."

५

पाच वाजता सगळे व्हरांड्यात जमले. सदाशिवराव येरझारा घालत होते.

"सापडला चोर?"

"ऐक, सदाशिव," वासुदेवराव म्हणाले. "तुझी गाडी चालू न करता नेली. ती उतारानं उतरली आणि आमझरीत आहे. आता विचार कर. कवडूजवळ हँडल होतं. त्याला गाडी न्यायची असती तर इंजिन चालू करून पठारानं कुठेही नेली असती. मोतीलालजी, बंडूजी, तू, तुम्ही सगळे मोटर चालवणारे. इंजिन बंद ठेवून हा घाट उतरशील तू?"

"पागल हाय का? गिअर नसन तर सारा भार ब्रेकवर. दुसऱ्या वळनालेच दरीत जाऊ."

"बरोबर. ज्याला मोटर चालवता येते त्याला ही भीती माहीत असते. म्हणजे नेणाऱ्याला मोटर चालू करता येत नव्हती, आणि भीतीही माहीत नव्हती. पण चाक कसं धरायचं, ब्रेक कुठला, हँडब्रेक कसा सोडायचा, हे त्याला माहीत होतं. आणि रस्ता पाठ होता. असं माणूस या मंडळीत एकच..."

"मी नेली," देवकाबाई म्हणाल्या.

त्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. सदाशिवराव वळले आणि हसले, कारण त्यांना ते खरं वाटलं नाही.

"तू? तुले गाडीतलं काय समजते?"

"बावीस वर्सं तुमच्या मांगं बसली मी. तुमचे हात पाह्यले, पाय पाह्यले. दुसरं काय पाह्याचं होतं मले?" त्या चौकट सोडून पुढे आल्या. "सकाळी विहिरीवर मीराबाई भेटली. म्हने, देवका, तुही माय दोन-चार दिसाची पाहुनी हाय. सारखं तुहंच नाव घेऊन राह्यली. तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती का?"

सदाशिवराव बाजेवर टेकले.

"पायी गेली असती तर यायजायलेच सांज झाली असती. तुम्ही सारे झोपले. गोटे काढून ठेवले, ब्रेकचा दांडा सोडला, गाडी आपली आपनच निघाली."

"इंजिनाशिवाय?"

"खाली उतराले इंजिन कशाले पाह्यजे? पानी उतरते, गोटा उतरते. तुम्ही ज्या ज्या वळनावर पाय दाबता, त्या त्या वळनावर मी दाबला. बारा वळनं हायत. दर वर्सी मोजते मी, आपलं घर किती वळनं मांगं राह्यलं म्हनून."

बंडूजींनी टोपी काढून हातात घेतली.

"मेली असतीस," सदाशिवराव म्हणाले.

"हो," देवकाबाई म्हणाल्या. "भेव तर लय वाटलं. सातव्या वळनावर चाक हातातून सुटलंच होतं." मग त्या पायऱ्या उतरून अंगणात आल्या आणि कवडूपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "कवडू, माह्यापायी तुले बोल लागला. तुह्यावर येईन असं माह्या ध्यानातच नाई आलं. अन् आलं तवा मी घंटाभर चूप बसली. ते चुकलं."

"बाई, हात नका जोडू," कवडू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आईले भेटल्या ना? झालं."

"भेटली कुठं? तिनं हात धरला, अन् मले सर्व्हिस गाठाची होती. हात सोडवून आली मी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माहा हात धरून होती ती."

६

बंडूजींची जीप बारा वळणं उतरून आमझरीत आली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. भैयाजींच्या वाडग्याचं, घरालगतच्या गुरांच्या आवाराचं, फाटक सताड उघडं होतं. आत ऑस्टिन कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी होती. तिला कसं थांबवायचं हे देवकाबाईंना शेवटी तेवढंच सुचलं होतं. दिव्याची काच फुटली होती, बाकी ओरखडाही नव्हता.

देवकाबाई जीपमधून उतरल्या आणि कोणाकडेही न पाहता घरात गेल्या. भैयाजी गोठ्याच्या दारात उभे होते. मिशा पांढऱ्या झालेल्या, पाठीला बाक आलेला. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि नुसतं "या" म्हणाले.

सदाशिवराव फाटकाबाहेर थांबले. एक पाय पुढे होता, पण तो आत पडेना.

"कवडू, जा. गाडी काढून आन."

कवडूने थैलीतून हँडल काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "मालक, सकाळी मी तुमचा मेकॅनिक होतो. दुपारून चोर झालो. आता चोराच्या हातून गाडी नका काढू. तुमची हाय, तुम्हीच काढा."

बंडूजी काही बोलायला गेले. वासुदेवरावांनी त्यांना हाताने थांबवलं.

सदाशिवरावांनी हँडल घेतलं. थोडा वेळ ते तसेच हातात घेऊन उभे राहिले, फाटकाच्या बाहेर, एखाद्या अनोळखी गावात वाट चुकलेल्या माणसासारखे. मग त्यांनी मान खाली घातली आणि आत पाऊल टाकलं.

भैयाजींनी कडबा बाजूला सारला. कवडू फाटकाबाहेरच राहिला होता, म्हणून गाडी मागे ढकलायला सदाशिवरावांच्या शेजारी भैयाजींनीच खांदा लावला. दोघा म्हाताऱ्यांना धाप लागली. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकललं आणि सारा वाडगा दणाणून गेला. कोंबड्या पळाल्या. सदाशिवराव चाकामागे बसले.

देवकाबाई दारात आल्या. "आई विचारून राह्यली," त्या इंजिनाच्या वरताण ओरडून म्हणाल्या, "कोनाची मोटर वाजून राह्यली म्हनून. काय सांगू?"

सदाशिवरावांनी चाकावरचे हात काढले नाहीत. देवकाबाई क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या.

वासुदेवराव गाडीजवळ आले. सदाशिवराव समोरच्या फुटक्या दिव्याकडे पाहत होते.

"वासुदेव, बावीस वर्सं मागून पाहत होती ती?"

"हो."

"मले कधी दिसलं नाई."

"तू रस्त्याकडे पाहत होतास," वासुदेवराव म्हणाले. "मीसुद्धा तेच केलं."

सदाशिवरावांनी इंजिन बंद केलं. एकाएकी झालेल्या शांततेत आतून एका म्हातारीचा बारीक आवाज ऐकू आला. "कोन आलं, देवका? कोन आलं?"

त्यांनी खाली उतरून टोपी नीट केली आणि पायरीशी चपला काढल्या. भैयाजी वाट देऊन बाजूला झाले.

"आई," सदाशिवरावांनी उंबऱ्यातूनच हाक दिली, "मी आलो. देवकाच्या घरचा."

त्या वर्षी चिखलदऱ्याला फक्त मोतीलालजींची शेव्हरोले पोचली. कवडू साडेपाचच्या सर्व्हिसने आर्वीला गेला. पण ठाण्यात नाही, तिथून पुढे वर्ध्याला, आपल्या घरी. देवतळ्यांच्या गाडीला त्याने पुन्हा हात लावला नाही, आणि सदाशिवरावांनी पुढे दोनदा बोलावूनही तो गेला नाही. म्हातारी आणखी नऊ दिवस जगली. ते नऊ दिवस देवकाबाई तिच्या बाजेपाशी बसून होत्या, हात हातात घेऊन. दहाव्या दिवशी सकाळी तो हात त्यांना सोडवावा लागला नाही; तो आपणच सुटला.